६५० वरून १००० वर: गाडी बदलतानाच्या नोंदी

११ जानेवारी

काल ट्रॅकवर जुन्या गाडीनं आजवरची सगळ्यात चांगली लॅप दिली. १ मिनिट ३१.४ सेकंद. आनंद व्हायला हवा होता. पण प्रत्येक स्ट्रेटच्या, म्हणजे सरळ पट्ट्याच्या, शेवटी तेच घडत होतं. चौथा गिअर, थ्रॉटल पूर्ण पिळलेला, छाती टाकीला टेकलेली, आणि मागून एक लिटर बाइक (हजार सीसीची) यायची आणि मी जागेवर उभी असल्यासारखी बाजूनं निघून जायची. पुढच्या दोन वळणांत मी तिच्या मागच्या चाकाला चिकटायचे. स्ट्रेट आली की पुन्हा ती गायब.

गाडी कावासाकीची निन्जा ६५०. पाच वर्षं, ४१,००० किलोमीटर. ६४९ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, ६८ पीएस (अश्वशक्ती). तिनं मला जवळपास सगळं शिकवलं. तिच्याबद्दल तक्रार म्हणून एक ओळ लिहायची ठरवली तर सुचत नाही. पुढचे फोर्क (चाक धरणाऱ्या स्प्रिंगच्या नळ्या) साधे आहेत, मागे प्रीलोडशिवाय (स्प्रिंगवरचा आधीचा दाब) काही बदलता येत नाही, एवढंच.

म्हणजे बदलायचं कारण निम्मं त्या स्ट्रेटवर आहे आणि निम्मं वेड. हे आधीच लिहून ठेवते. नंतर स्वतःलाच भलती कारणं सांगायला नकोत.

१४ जानेवारी

मधली पायरी घ्यायची का, यात दोन रात्री गेल्या. चार सिलिंडरच्या ६०० सीसी गाड्या, म्हणजे आर६ किंवा सीबीआर६००आरआर, ही खरं तर पुढची इयत्ता. पण त्यांचा जीव दहा हजार आरपीएमच्या वर. एरवी त्या गप्प असतात, आणि रोज रस्त्यावर चालवायची म्हटली की तो गप्पपणाच वाट्याला येतो. जीएसएक्स-आर७५० सगळ्यात शहाणी निवड होती: अंग ६०० चं, ताकद दोन्हींच्या मधली. चांगल्या अवस्थेतली वापरलेली मिळेना.

शेवटी कावासाकीचीच झेडएक्स-१०आर, २०१७ चं मॉडेल. ९९८ सीसी, २०० पीएस, भरल्या टाकीसह २०६ किलो. माझी ६५० भरल्या टाकीला १९३. तेरा किलोचा फरक आणि ताकद जवळपास तिप्पट. मी आणि माझं जॅकेट-हेल्मेट मिळून ७० किलो धरले, तर ६५० वर प्रत्येक किलोमागे ०.२६ पीएस येतात आणि हिच्यावर ०.७२.

ऐकून छातीत धस्स होतं खरं. मग आठवतं की १९९८ च्या यामाहाच्या पहिल्या आर१ मध्ये १५० पीएस होते, कोरडं वजन १७७ किलो, आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक जागच्या जागी फिरू न देणारं), एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारं) यातलं काही नव्हतं. लोकांनी ती रस्त्यावर चालवली. त्याच्या सहा वर्षं आधी, १९९२ मध्ये, होंडाची ८९३ सीसीची फायरब्लेड आली होती १८५ किलोची. त्या पिढीच्या हातात केबल आणि उजवं मनगट, एवढंच होतं. माझ्या बाजूनं निदान बॉशचं आयएमयू आहे, गाडी किती झुकली आणि किती उठली याचा हिशोब ठेवणारं.

१९ जानेवारी

आज गाडीला हात न लावता सगळ्यात जास्त काम झालं. कागद, पेन आणि दोन्ही गाड्यांची गिअर गुणोत्तरं.

‘पिकअप’ म्हणून आपण जे म्हणतो ते मागच्या चाकानं रस्त्याला दिलेला रेटा. इंजिनचा टॉर्क गुणिले एकूण गिअर गुणोत्तर, भागिले चाकाची त्रिज्या. ६५० चं पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर (इंजिन ते गिअरबॉक्सची प्रायमरी, पहिला गिअर आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेनची दातेरी चाकं, धरून) साधारण १५.७. झेडएक्सचं फक्त १०. म्हणजे पहिला गिअर भलताच लांब. इतका की ६५० चा पहिला गिअर लाल रेषेला ७५ च्या वेगाला संपतो आणि हिचा १५० च्याही पुढे. पहिल्याच गिअरमध्ये!

आता रेटा. ६५० चा सर्वाधिक टॉर्क सुमारे ६५ न्यूटन-मीटर, त्यावरून पहिल्या गिअरमध्ये रेटा ३,२५० न्यूटनच्या आसपास. झेडएक्सचा टॉर्क ११३.५, पण गिअर लांब असल्यामुळे रेटा साडेतीन हजार. फरक दहा टक्क्यांच्या आतबाहेर! मी दोनदा आकडे तपासले.

त्याहून गंमत ताशी ४० किलोमीटरला. तेव्हा पहिल्या गिअरमध्ये ६५० पाच हजारांवर असते, तिच्या मनासारख्या जागी. झेडएक्स ३,३०० वर. तिथं हिचा टॉर्क साठ धरला तर रेटा १,९०० न्यूटन. जुनीचा तीन हजार. म्हणजे गर्दीतून सटकायला माझी जुनी गाडीच जास्त चपळ. तिप्पट ताकदीची गाडी आणायची आणि सिग्नलवर पहिले वीस मीटर हळू जायचं.

मग ते २०० पीएस गेले कुठे? ताकद म्हणजे रेटा गुणिले वेग. ताशी १५० ला ६५० चे सगळेच्या सगळे ६८ पीएस लावले तरी चाकावर १,२०० न्यूटन येतात. झेडएक्सचे ३,५०० येऊ शकतात. तिप्पट आहे ते इथं. शंभराच्या खाली जवळपास काही नाही, शंभराच्या वर सगळं. (घर्षण, वाऱ्याचा अडथळा धरलेला नाही. दोन्हीकडे धरलेला नाही, म्हणून तुलना चालते.)

हा कागद वहीत चिकटवला. गाडी बदलण्याबद्दल मला जे कळायला हवं होतं ते बहुतेक या एका पानावर आहे. रोजच्या रस्त्यावर ही ताकद मला दिसणारच नाही. आणि जिथं दिसेल तिथं मी आधी कधी गेलेलेच नाही.

२ फेब्रुवारी

गाडी पाहून आले. ज्यांच्याकडे मी जुन्या गाडीचं काम शिकले ते मिस्त्री सोबत होते. त्यांनी निघायच्या आधीच बजावलं, “ताई, इंजिन थंड असताना बघायची. गरम करून ठेवली असेल तर परत फिरायचं.” मालकाला तसं फोनवर सांगितलं होतं. पोचल्याबरोबर मिस्त्रींनी इंजिनच्या कव्हरला हाताचा पालथा लावला आणि मान हलवली. थंड.

पडलेली गाडी ओळखायची तर रंग बघायचा नाही, कडा बघायच्या. हँडलची टोकं, फूटपेगची टोकं, लिव्हरचे गोळे, सायलेन्सरचा खालचा भाग. मग हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून स्टिअरिंगचे स्टॉप. जोरात पडलेल्या गाडीचे स्टॉप चेपलेले किंवा रंगवलेले असतात. इथं ते कोरे होते, कारखान्यातून आलेले. फोर्कच्या सीलखाली तेलाचा ओघळ नाही. ब्रेकच्या चकत्यांवर नखानं आडवी रेघ ओढली, धार लागली नाही.

खटकलेल्या गोष्टी तीन. टायरवर भरपूर नक्षी, पण तारखेचा शिक्का २३१७. म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा, गाडीसोबत आलेलेच टायर. रबर बोटाखाली प्लॅस्टिकसारखं लागलं. दुसरं, ब्रेकच्या तेलाला चहाचा रंग. तिसरं, चेन. मिस्त्रींनी मागचं चाक हातानं फिरवत चेन खालून वर उचलून पाहिली. एका जागी सैल, अर्धा फेरा गेला की तारेसारखी ताणलेली. मालक म्हणाले, “मी स्वतः टाइट केलीय, अगदी मस्त.” मिस्त्रींनी काही उत्तर दिलं नाही. त्यांची ही सवय मला आवडते.

सैल जागी ताण ठीक करायला गेलं की घट्ट जागी चेन जीव घेते: गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगचा, मागच्या चाकाच्या बेअरिंगचा. म्हणून चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट हिशोबात धरले, टायर धरले, आणि तेवढं बोलून घेतलं. व्यवहार झाला.

८ फेब्रुवारी

गाडी आली. ताकदीचा मोड ‘लो’ वर ठेवून आणली. लो म्हणजे साठ टक्के. दोनशेचे साठ टक्के म्हणजे एकशे वीस, म्हणजे जुन्या गाडीच्या जवळपास दुप्पट. त्या मोडला ‘कमी’ कोण म्हणतं!

जुने टायर होते म्हणून सरळ घरी.

९ फेब्रुवारी

दिवसभर हात काळे.

इंजिन ऑइल आणि फिल्टर. ओला क्लच (इंजिनच्याच तेलात बुडालेला) असल्यामुळे डब्यावर जासो एमए२, म्हणजे अशा क्लचला चालणाऱ्या तेलाचा शिक्का, आहे ना हे पाहूनच घेतलं. कारचं तेल ओतून क्लच घसरवणारे लोक मी पाहिलेत.

ब्रेकचं तेल. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; पाणी शोषून घेतलं की मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. तेल हवेतली ओल हळूहळू ओढतच असतं, त्यामुळे दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो न चालो. निघालेलं तेल काचेच्या बाटलीत धरलं. तळाला काळा गाळ. नवं तेल पिवळसर, पाण्यासारखं निवळ यायला अर्धी बाटली जास्तीची गेली. लिव्हर आता दोन बोटांनी दाबला की एका जागी जाऊन थांबतो. आधी तो कापसात रुतल्यासारखा आत जायचा.

चेन-स्प्रॉकेट आज कारखान्याच्या मापाचेच बसवले: पुढे १७ दाते, मागे ३९, चेन ५२५. जुन्या मागच्या स्प्रॉकेटचे दाते एका बाजूला झुकले होते, समुद्राच्या लाटेसारखे. मैत्रिणीनं विचारलं, “अगं, पुढे १६ का नाही टाकत? सगळे टाकतात.” माहीत आहे सगळे टाकतात. पण आधी गाडी जशी बनवली तशी चालवून बघायची आहे.

टायर दोन्ही नवे. १२०/७० आणि १९०/५५. हवा पुढे ३६, मागे ४२.

१५ फेब्रुवारी

सॅग. म्हणजे मी बसल्यावर गाडी स्प्रिंगवर किती खाली बसते ते माप.

हे काम वाटतं त्यापेक्षा सोपं आहे आणि तरी कुणी करत नाही. स्प्रिंग बनवणाऱ्यानं एका सरासरी वजनाचा माणूस डोळ्यांपुढे ठेवलेला असतो. मी ६२ किलोची. त्या माणसापेक्षा मी बरीच हलकी, म्हणून गाडी माझ्याखाली बसतच नाही. ताठ राहते, खड्ड्यावरून उडते, आणि चाकाला खाली जायला जागा उरत नाही.

पुढचं माप असं. गाडीचं पुढचं चाक उचलून फोर्क पूर्ण लांबला की डस्ट सीलपासून खालच्या कडेपर्यंत चकाकणारी नळी मोजायची. माझी ११८ मिलिमीटर. मग मी पूर्ण कपड्यांत, हेल्मेटसकट बसायचं. मैत्रिणीनं पुढचा भाग खाली दाबून हळूच सोडायचा, थांबेल तिथं माप घ्यायचं: ८८. मग पुढचा भाग वर उचलून हळूच सोडायचा, पुन्हा माप: ९६. हा आठ मिलिमीटरचा फरक म्हणजे सीलचं आणि बुशचं घर्षण. सरासरी ९२. ११८ मधून वजा केले की सॅग २६. हवा होता ३५ च्या जवळ.

दोन्ही पायांचा प्रीलोड सारखाच सोडत गेले, एकेक फेरा, प्रत्येक वेळी पुन्हा बसून. सहाव्यांदा बसताना मैत्रीण म्हणाली, “आता चहा झाल्याशिवाय मी दाबणार नाही.” चहानंतर ३४ वर आला. मागे २२ होता, कॉलर सोडून ३० वर आणला.

गल्लीत एक चक्कर मारली तेवढ्यातच कळलं. मॅनहोलच्या झाकणावरून गाडी आता ‘ठक’ करत नाही, ‘धुप’ करते.

१६ फेब्रुवारी

पाडली.

चालताना नाही. उभी असताना. पेट्रोल भरून बाहेर आले, जरा डावीकडे उतार होता, डावा पाय टेकायला गेले आणि जमीन तिथं नव्हती. जुन्या गाडीची सीट ७९० मिलिमीटर, हिची ८३५. साडेचार सेंटिमीटर. ते आकडे मला पाठ होते, पायाला पाठ नव्हते. दोनशे किलो एका विशिष्ट कोनापर्यंत बोटावर तोलता येतात. तो कोन गेला की कुणाच्या बापाला नाही. मी तिला हळूच, आदरानं जमिनीवर ठेवलं म्हणायला हवं.

क्लच लिव्हरचं टोक तुटलं. हँडलच्या टोकाला ओरखडा. म्हणजे पुढच्या खरेदीदाराला ‘कडा बघा’ म्हणताना आता माझीही कड आहे.

उचलायला कुणीतरी धावत आलं, त्यानं पहिला प्रश्न विचारला, “किती देते?” मायलेज. गाडी आडवी असताना.

२३ फेब्रुवारी

या आठवड्यात साडेतीनशे किलोमीटर. सुटे मुद्दे:

थ्रॉटलचा पहिला पाव भाग नव्यानं शिकावा लागतोय. जुन्या गाडीवर वळणातून बाहेर पडताना मी थ्रॉटल ‘उघडायचे’. इथं उघडायचा नसतो, वाढवायचा असतो. चेनमधली ढील संपून मागचं चाक ओढ घेतं तो एक मऊ क्षण असतो. तो क्षण आधी शोधायचा, मगच पुढे जायचं.

क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर बदलू देणारा) फक्त वर जाताना आहे. खाली येताना क्लच. मेंदूला हे एकतर्फी नातं पटायला चार दिवस लागले.

मनगटं दुखतात. चूक माझी, हँडलवर वजन टाकतेय. टाकीला मांड्यांनी धरून पोट आवळलं की हात मोकळे होतात. टाकीच्या दोन्ही बाजूंना रबराच्या पट्ट्या चिकटवल्या. जुन्या गाडीवर ताठ बसून हे खपून जायचं.

गर्दीत थांबलं की उजव्या मांडीला भट्टी. हजार सीसीचं इंजिन तेवढी उष्णता टाकणारच. पातळ ट्रॅक पँट घालून निघायचं धाडस पुन्हा करणार नाही.

आणि कागद खरा निघाला. ताशी ३०-४० ला ती आळशी आहे. दुसऱ्या गिअरमध्ये वळण घेतलं की कण्हते. मोकळ्या रस्त्यावर एकदाच, दुसऱ्यातच, सात हजारांच्या पुढे जाऊ दिली. आवाज बदलला, आणि समोरचा ट्रक अचानक मोठा झाला. तो ‘जवळ आला’ असं वाटायला वेळच नव्हता. आधी लहान होता, मग मोठा होता. थ्रॉटल सोडला. नंतर बराच वेळ पन्नासनं चालवली.

८ मार्च

ट्रॅक. तोच, ६५० वर १:३१.४ दिलेला.

आजची सगळ्यात चांगली लॅप: १ मिनिट ३४.२.

पावणेतीन सेकंद हळू. तिप्पट ताकदीवर. मैत्रीण हसली नाही, ही तिची मेहरबानी.

९ मार्च

काल रात्री फोनमधली जीपीएसची नोंद उघडली. सगळं तिथंच दिसतं, लपवायला जागा नाही.

स्ट्रेटच्या शेवटी ६५० चा वेग १४८. झेडएक्सचा १७१. छान. पण ६५० वर मी वळणाच्या ८५ मीटर आधी ब्रेक लावायचे आणि सरासरी ०.८ जी नं थांबवायचे (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतका जोर). झेडएक्सवर ब्रेक १६५ मीटर आधी, सरासरी ०.६ जी. म्हणजे स्ट्रेटवर कमावलेलं सगळं मी त्याच स्ट्रेटच्या शेवटी परत केलं, वर व्याजही दिलं. सगळ्यात अरुंद वळणाच्या मध्यावर ६५० चा वेग ६२ होता, काल ५४.

हे का झालं? ब्रेक वाईट म्हणून नव्हे. पुढे ३३० मिलिमीटरच्या चकत्या आहेत, ब्रेंबोचे एम५० कॅलिपर आहेत. जुन्या गाडीवर या ब्रेकचं मी स्वप्न पाहायचे. डोळे कमी पडले. ताशी १०० वरून ०.९ जी नं थांबायला ४४ मीटर लागतात आणि १५० वरून ९८. वेग दीडपट, अंतर सव्वादोन पट. शरीराला हा वर्ग कळत नाही. त्याला वाटतं, वेग थोडा वाढला तर जरा आधी थांबू. मग एकदा ‘जरा आधी’ चुकतं, पोटात गोळा येतो, आणि पुढच्या लॅपला माणूस फारच आधी थांबतो. मी काल दिवसभर त्या एका गोळ्याची किंमत मोजत होते.

दुसरी गोष्ट ट्रॅकच्या सरांनी दाखवली होती, मी मनावर घेतली नव्हती. “तुमची नजर ब्रेकच्या खुणेवर अडकते. खूण कडेच्या नजरेनं बघा, डोळे वळणाच्या आत.” नोंदीतही तसंच दिसतंय: ब्रेक सुटतो आणि झुकायला सुरुवात होते यात जवळपास सेकंदभर मी काहीच करत नाहीये. १७१ वरून उतरून, रिकामी, वाट बघत.

ताकदीचा मोड ‘फुल’ होता. पुढच्या वेळी ‘मिडल’. ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा दिवसभरात एकदाही लुकलुकला नाही. काय लुकलुकणार, मी त्याला कामच दिलं नाही.

१५ मार्च

स्प्रॉकेट बदललं. पण १६ नाही टाकलं.

पुढचा एक दात कमी केला तर गिअर ६.२५ टक्के आखूड होतो. मागे ३९ चे ४१ केले तर ५.१ टक्के. परिणाम जवळपास सारखा. पण पुढचं स्प्रॉकेट जितकं लहान, तितकी चेन जास्त कोनात मुडपते आणि लवकर झिजते. मागचं मोठं केलं की तो त्रास नाही. शिवाय कावासाकीनंच २०२१ च्या झेडएक्स-१०आर ला मागे ४१ दिले. ज्यांनी गाडी बनवली त्यांचं मन चार वर्षांनी जिथं पोचलं तिथं मी थेट जाते.

दोन दाते वाढले तरी तीच चेन बसली. गणित असं: मागे दोन दाते म्हणजे चेनची एक कडी जास्त गुंडाळली जाते. ५२५ चेनची एक कडी १५.८७५ मिलिमीटर. ती चेनच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन पदरांतून यायला हवी, म्हणून चाक तिच्या निम्मं, साधारण ८ मिलिमीटर पुढे आलं. स्विंगआर्मवरच्या खुणांवर नीट दिसतंय: आधी मधल्या रेघेच्या मागे होतं, आता पुढे. व्हीलबेस तेवढाच कमी झाला. वळायला किंचित चटपटीत, आणि पुढचं चाक उचलायला किंचित तयार. हे दोन्ही लक्षात ठेवायचं.

पाना लावताना एक मूर्खपणा. ॲक्सल टॉर्क रेंचनं कसला, चेनची ढील पुन्हा मोजली, बरोबर होती, खुश होऊन आवरलं. मग लक्षात आलं की ढील साइड स्टँडवर मोजायची की पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा), हे मॅन्युअलमध्ये पाहिलंच नव्हतं. बाहेर काढलं, पाहिलं, पुन्हा सगळं. दीड तास.

२२ मार्च

फक्त ब्रेकचा सराव. मोकळी, लांब, सपाट जागा. शंभरवरून थांबायचं, वीस वेळा. पहिला दाब हळू, पुढचं चाक जमिनीला दाबलं जाऊ द्यायचं, मग जोर. पहिल्या पाच वेळा ६० मीटरच्या वर. शेवटच्या पाच वेळा ४८ ते ५०. एबीएस दोनदा कुरकुरलं. रात्री उजव्या हाताची दोन बोटं चमचा धरेनात.

५ एप्रिल

ट्रॅक, दुसऱ्यांदा. मोड ‘मिडल’.

सकाळच्या पहिल्या सत्रात स्ट्रेटवर पूर्ण थ्रॉटल लावायचाच नाही असं ठरवलं होतं. सरांची कल्पना. अर्ध्या थ्रॉटलवर १४८ च्या आसपास पोचायचं, म्हणजे जुन्या गाडीचाच वेग, आणि जुन्याच खुणेवर ब्रेक लावायचा. पहिल्या तीन लॅप विचित्र गेल्या. चौथ्या लॅपला हाताला ओळख पटली: ही तर तीच जागा. तोच दगड, तोच डांबराचा जोड. फक्त आता थांबायला जास्त चांगले ब्रेक आहेत.

दुपारी थोडं थोडं वाढवत नेलं. स्ट्रेटच्या शेवटी १७८. ब्रेक १३० मीटर आधी, ०.८ जी. अरुंद वळणात ६१. तिथं आता पहिला गिअर टाकावा लागत नाही, दुसऱ्यातच कण्हणं थांबलंय. ४१ दात्यांचं काम. बाहेर पडताना एकदा पिवळा दिवा लुकलुकला आणि मागून कुणीतरी हलकेच खांदा धरावा तसं वाटलं. बस्स, एवढंच. आयएमयूशी पहिली भेट.

१:२९.९.

शेवटच्या सत्रात माझ्यापुढे एक ६५० होती. माझ्यासारखीच हिरवी. स्ट्रेटवर मी तिच्या बाजूनं निघून गेले. पुढच्या दोन वळणांत ती माझ्या मागच्या चाकाला चिकटली होती.

१२ एप्रिल

जुनी गाडी आज गेली. घेणाऱ्या मुलीची ही पहिली मोठी गाडी. द्यायच्या आधी एक शेवटची चक्कर मारली, घाटात. दुसऱ्या गिअरमध्ये चार हजारांवर थ्रॉटल दिला की लगेच ओढ, जशी कागदावर होती तशी. वळण, वळण, वळण, कुठेही वाट बघणं नाही. झेडएक्सवर या रस्त्यावर मी अजून इतकी वेगात आलेले नाही. कदाचित येणारही नाही.

तिला चेनची ढील कुठं मोजायची ते दाखवलं, टायरवरचा तारखेचा शिक्का वाचायला लावला, ब्रेकचं तेल कधी बदललं ते टाकीखालच्या चिठ्ठीवर लिहिलं. तिनं विचारलं, “ताई, पहिल्यांदा काय बदलू हिच्यात?” मी म्हटलं, आधी पाच हजार किलोमीटर चालव.

तिनं गाडी सुरू केली, साइड स्टँड काढायची विसरली, पहिला गिअर टाकला, इंजिन बंद पडलं. दोघी हसलो. दुसऱ्यांदा गेली.

झेडएक्सचा पुढचा टायर डाव्या कडेला उजव्यापेक्षा जास्त झिजलाय. ट्रॅक डाव्या वळणांचा आहे म्हणून, की उजवीकडे मी अजून घाबरते म्हणून, हे पुढच्या वेळी नोंदीत बघायचं.